भरलेली जीप आणि बंद डबा

कर्जत स्टेशनाबाहेरच्या जीपस्टँडवर अप्पाची बावीस वर्षं गेली. कर्जत-कशेळे, कशेळे-कर्जत. दोन्ही टोकांना चहाची टपरी, आणि जीप भरेपर्यंत करायचं काय, तर चहा प्यायचा. दिवसाला दहा-बारा कप सहज होत. अंग काटकुळं, त्यामुळे साखरेचा रोग जाड्या, बसून खाणाऱ्या माणसांना होतो हे त्याचं ठाम मत होतं. तहान लागायची ती इंजिनाच्या उष्णतेने. पँट ढिली व्हायला लागली ती कामाने. सगळ्याला उत्तर होतं.

सहा वर्षांपूर्वी साखर निघाली. गोळ्या मिळाल्या, त्या आठवतील तशा घेतल्या. गेल्या महिन्यात पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा द्वारकाने, त्याच्या बायकोने, त्याला भिसेगावातल्या घरून उठवून डॉक्टर तेजश्रीबाईंच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, आता गोळ्यांनी भागणार नाही, इन्शुलिन घ्यावं लागेल.

अप्पाचा चेहरा पडला. त्याच्या मामाने इन्शुलिन सुरू केलं आणि वर्षभरात मामाचा पाय गेला होता. हे त्याने सांगितलं तेव्हा द्वारका मधेच म्हणाली, "पाय आदीच सडला व्हता. सुई मागनं आली. नाव सुईचं झालं."

बाईंनी मग सावकाश समजावलं. जेवणाची साखर होते आणि ती रक्तातून अंगभर फिरते. पण फिरून उपयोग नाही, ती पेशींच्या आत गेली पाहिजे, तर माणसाला ताकद. आत न्यायला इन्शुलिन लागतं, ते जठरामागच्या स्वादुपिंडात तयार होतं. अप्पाने ते आपल्या परीने लावून घेतलं. शीट, म्हणजे जीपमधली माणसं, गावात उतरली, पण घरोघरची दारं बंद. मग माणसं जाणार कुठे? रस्त्यावरच गर्दी.

"तसंच," बाई म्हणाल्या. "आधी दारं जड होतात. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून ती ढकलतं. अशी वर्षंच्या वर्षं जातात, कळतसुद्धा नाही. मग तेच थकतं. आता बाहेरून मदत द्यायची. पण अप्पा, एक लक्षात ठेवा. सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर साखर फार खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही. तुमच्या हातात गाडी असते."

मान हलवून तो घरी आला. स्टँडवर मात्र कुणाला बोलला नाही. दहा जणांना घेऊन जाणाऱ्या माणसाला सुई लागते म्हटल्यावर बसणार कोण? जीप हप्त्याची नव्हती, स्वतःची होती, पण स्टिअरिंग सुटलं तर अप्पाकडे दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून त्याने बेत असा बसवला की सव्वासातला घरी, द्वारकाच्या डोळ्यांसमोर सुई घ्यायची, साडेसातला स्टँडवर नंबर लावायचा आणि जीप भरेपर्यंत गाडीतच भाकरी-भाजी खायची. भरायला अर्धा-पाऊण तास लागतोच. पंधरा दिवस हे ठीक चाललं.

सोळाव्या दिवशी तो स्टँडवर पोचतो तर पुढच्या दोन जीपांपैकी एक पंक्चर, दुसरी भाड्याने गेलेली, आणि लोकलमधून उतरलेलं बारशाचं अख्खं वऱ्हाड कशेळ्याला जायला उभं. नऊ माणसं, पाळण्याची पेटी आणि दहावी भागी. भागी रानभाजी विकून रोज याच वेळेला परतायची. नंबर लिहिणारा मनोज ओरडला, "अप्पा, काढ गाडी." स्टँडचा नेम आहे, भरली की निघायचं. थांबलास तर नंबर जातो, वहीत शेवटी लागतो. अप्पाने डबा सीटखाली सरकवला. म्हणाला, कशेळ्याला जाऊन खाऊ. आदल्या रात्रीही त्याने साखर लवकर उतरावी म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली होती, आणि ते द्वारकापासून लपवलं होतं.

कडावला वऱ्हाडातले दोघं पेढे घ्यायला उतरले, त्यात वेळ गेला. कडाव सोडल्यावर त्याच्या मानेवरून घाम गळायला लागला. हवा तर गार होती. मग समोरचा रस्ता लांब-लांब दिसायला लागला आणि गिअर कुठला टाकायचा हेच त्याला सुचेना. शेजारी बसलेल्या भागीने त्याचे हात बघितले.

"दादा, गाडी बाजूला घे," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही तशी तिने खांद्याला धरून हलवलं. "घे म्हंते ना."

चाक मातीत उतरलं आणि जीप थांबली. मागून बारशातल्या आजी विचारत होत्या, काय झालं. भागीने आपल्या पिशवीतली बाजाराची साखर फाडून मूठ पुढे केली.

"साखर नगं," अप्पा बरळला. "मला शुगर हाय."

"असू दे शुगर. तोंड उघड." तिने मूठ कोंबली. तिच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला असं होताना तिने बघितलं होतं. वर बाटलीतलं पाणी पाजलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

पंधरा-वीस मिनिटांनी रस्ता जागेवर आला. अप्पाने डबा काढून दोन भाकऱ्या सगळ्यांसमोर खाल्ल्या. वऱ्हाडातल्या एकाने मागून येणारा टेंपो अडवला आणि नऊही जण पेटीसकट त्यात गेले. कोणी भांडलं नाही, पैसे पुढे केले. अप्पाने घेतले नाहीत. मग त्याने दुसऱ्या जीपवाल्याला फोन करून आपली गाडी त्याच्याकडून परत आणवली.

घरी द्वारकाने सगळं ऐकून घेतलं आणि आधी अर्ध्या भाकरीचा हिशेब विचारला. मग म्हणाली, "उद्यापासून आधी स्टँडवर सांगा. नायतर किल्ली माज्याकडं."

तेजश्रीबाईंनी डोस कमी करून दिला. साखर मोजायचं मशीन घ्यायला लावलं, खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला सांगितल्या. गाडी सुरू करण्याआधी रोज मोजायची, आकडा खाली असेल तर चाकाला हात लावायचा नाही. आठवडाभर तर गाडी बंदच.

नवव्या दिवशी अप्पा स्टँडवर आला. भागीकडून बातमी कधीच पसरली होती. आकडा नीट होता. त्याने सुई स्टँडवरच घेतली, बॉनेटवर डबा उघडला. तेवढ्यात जीप भरली.

"अप्पा, काढ," मनोज म्हणाला.

"मी सुई घेतलीय. खाल्ल्याशिवाय निघायचा नाय."

"नंबर जाईल रं."

"लाव शेवटी."

मनोजने त्याच्याकडे बघितलं, मग वही उघडली. शीट उतरून मागच्या जीपमध्ये गेली. वहीत अप्पाचं नाव सगळ्यांच्या खाली गेलं, म्हणजे आता साडेनऊशिवाय फेरी नाही. त्याने दुसरी भाकरी मोडली.