खोलीत आधीच कापूस होता

माझ्या नवऱ्याला यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं ते आमच्या निकाहनंतर महिनाभरात. त्याआधी तो पुसदलाच, मोठ्या भावाच्या दुकानात, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. लोहाऱ्याच्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, मोटारी सांभाळणारा माणूस हवा होता. हंगाम सुरू झालेला, म्हणून लगेच या म्हणाले. मी तोवर पुसदबाहेर कधी राहिले नव्हते. आमच्या घरची बोली हिंदी, तीही वऱ्हाडातली. शाळा मात्र माझी मराठी. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

घराचा प्रश्न वडीलधाऱ्यांनी आमच्यासाठी सोडवूनच टाकला होता. यवतमाळच्या जुन्या वस्तीत नवऱ्याची फुफी, म्हणजे आत्या, एकटी राहायची. फुफा वारल्यापासून तिची मागची खोली रिकामी होती. नव्या शहरात आपलं माणूस असताना दुसरीकडे कशाला बघायचं, असं माझ्या अम्मीचं म्हणणं, आणि सासूचंही तेच. मी नवऱ्याला एकटं गाठून म्हटलं की मला आधी बघू दे. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "रहना तेरे को है. मैं तो दिनभर कारखाने में. देख ले."

एका सकाळी आम्ही एसटीनं निघालो. दिग्रस गेलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होते. वावरांत बाया ओटी बांधून कापूस वेचत होत्या. खरं सांगायचं तर त्या बायांकडे माझं लक्ष नव्हतं. लग्न झाल्यापासून इतका वेळ कुणी आमच्याकडे बघत नसताना आम्ही दोघं शेजारी बसलो, तो पहिलाच प्रसंग. तो मला लहानपणी फुफीकडे सुट्टीला यायचा त्या गोष्टी सांगत होता. यवतमाळ आलं तेव्हा, अजून थोडं लांब असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

फुफीनं खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. आलू-गोश्त रांधलं होतं. खोली चांगलीच होती, पण तिला दोन दारं. एक फुफीच्या चुलीपाशी उघडायचं आणि दुसरं मागच्या अंगणात, जिथं न्हाणी आणि संडास. म्हणजे फुफीला मागं जायचं तर आमच्या खोलीतूनच जावं लागणार. माझा चेहरा तिनं ओळखला असावा. ती म्हणाली, माझं काय, मी डोळे मिटून निघून जाईन. मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. जेवून निघताना आम्ही, विचार करून सांगतो, म्हणालो. तिनं उरलेल्या रोट्या कागदात बांधून दिल्या.

दुसरी जागा नवऱ्याला पसंत होती. कारखान्यापासून जवळच कुणीतरी ओळीनं स्लॅबच्या खोल्या बांधल्या होत्या. नळ, ट्यूबलाइट, सगळं नवं. दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी येता येईल, हे तो दोनदा म्हणाला. पण तिथं राहणारी सगळी बाहेरगावची एकटी माणसं, आणि भर दिवसा प्रत्येक दाराला कुलूप. मी विचारलं, मी दिवसभर बोलायचं कुणाशी? त्यानं त्या ओळीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि आम्ही तिथून निघालो.

मला तहान लागली होती. लोहाऱ्याच्या जुन्या गावाकडच्या बाजूला एका ओट्यावर एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. तिच्याकडे पाणी मागितलं. तिनं पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला आणि गाव कोणतं विचारलं. पुसद म्हटल्यावर तिनं सूप खालीच ठेवलं. तिचं माहेर पुसदजवळच्या एका खेड्यातलं.

"मंग मी तुही मावशी झाली," ती म्हणाली. "आन इकडं काहून फिरून राह्यली उन्हाची?"

घर बघतोय म्हटल्यावर ती उठली आणि घराच्या कडेची एक खोली उघडून दाखवली. रस्त्याकडे स्वतःचं दार, मागं खिडकी, खिडकीबाहेर तुरीचं वावर. वर टिनपत्रे होते, भिंतींना चुना द्यायला हवा होता. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि मनात खोली घेऊनही टाकली. तेवढ्यात तिचे मालक आले. काका माळकरी होते. त्यांनी एवढंच सांगितलं की या घरात मांसमच्छी शिजत नाही. नवरा लगेच म्हणाला की आम्ही घरी शिजवणार नाही. मला न विचारता त्यानं घेतलेला तो पहिला निर्णय, आणि तो मला आवडला.

लोहाऱ्याची खोली ठरली हे फुफीला सांगायला गेलो तेव्हा ती फक्त "ठीक है" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

सामान घेऊन टेम्पोतून आलो ते पुढच्या पंधरवड्यात. एक खाट, माझी पेटी, स्टोव्ह, भांड्यांचं पोतं, दोन चटया. मावशी ओट्यावर उभीच होती, पण पुढं येईना. मी दार ढकललं तर ते थोडंसं उघडून अडलं. आत कापूस होता. खालपासून थेट टिनापर्यंत, खिडकी झाकून टाकलेला, सगळी खोली भरून. दाराच्या फटीतून थोडा माझ्या पायांवर सांडला.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काका मान खाली घालून सांगायला लागले. "भाव इतका पडला का व्यापारी दारात येऊन हसून राह्यला. म्हटलं, महिनाभर थांबू. तुमची खोली हाय हे इसरलो नवतो, पोरी. पन ठेवू कुठी?"

टेम्पोवाल्याला परत जायची घाई होती. नवरा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की फुफीकडे जाऊ, ती नाही म्हणणार नाही. ते खरंच होतं. पण त्या कापसामागंच कुठंतरी ती भिंत होती, जिथं मी मनात पेटी मांडून ठेवली होती. मी मावशीकडे वळून विचारलं, "मावशी, मागं रेटला तर पुढं खाट बसते का?"

मावशीनं डोळे पुसले, दारात उभी राहून दोन्ही हात पसरून अंदाज घेतला आणि म्हणाली, "बसते."

मग आम्ही चौघांनी मिळून कापूस मागं रेटला. काका आणि नवरा वर चढून तुडवत होते, मी आणि मावशी खालून ढकलत होतो. कापूस दाबून वर चढवला की पुन्हा खाली घसरायचा. शेवटी काकांनी गोठ्यातले बांबूचे तट्टे आणून आडवे बांधले. तट्ट्यांच्या अलीकडे खाट बसली, पेटी बसली, आणि दोन माणसांना वळता येईल इतकी जागा उरली. नवऱ्याच्या केसांत, भुवयांत, मिशांत कापूस होता. मला हसताना बघून तोही हसायला लागला. टेम्पोवाला चहा पिऊन गेला.

खोलीत काडी ओढायची नाही, हे काकांनी सांगायच्या आधीच आम्हाला कळलं होतं. त्यामुळे माझा स्टोव्ह अंगणात, मावशीच्या चुलीशेजारी लागला. नव्या नवरीला चार भिंतींत जे शिकायला वर्ष लागलं असतं, ते मी तिथं बसून बोलता बोलता शिकले. दळण कुठं चांगलं मिळतं, कोणत्या दुकानदाराचं तेल घ्यायचं नाही, नवरा गप्प बसला तर त्याला किती वेळ गप्प राहू द्यायचं. मावशीला ऐकायला माणूस मिळालं होतं आणि मला बोलायला.

कापसाचा त्रास होताच. पहिल्याच आठवड्यात अंगावर लाल पुरळ उठलं. मला वाटलं खाटेत ढेकूण झाले. मावशी म्हणाली, कापसाचीच खाज, आमच्याही अंगाला हाय. ती आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकून द्यायची. नवरा म्हणायचा, दिवसभर कापूस, घरी आलं की पुन्हा कापूस. पण त्या हिवाळ्यात आम्हाला थंडी अशी वाजलीच नाही. तट्ट्याला पाठ लावून बसलं की ऊब यायची.

काका रोज सकाळी यायचे, बाहेरून खाकरायचे, आणि तट्ट्याच्या वरून खांद्यापर्यंत हात कापसात घालून, दाबलेला कापूस आतून तापला तर नाही ना ते बघायचे. ते वर्ष सोपं नव्हतं. ओट्यावर बसणारी माणसं भावाशिवाय दुसरं बोलत नसत. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात येत होतं, आणि ते चांगल्या कारणानं येत नव्हतं. आसपासच्या गावांतलं काही मावशी खालच्या आवाजात सांगायला लागायची आणि मधेच थांबून भाकरी उलटायची. मी पुढं विचारत नसे. या घरी मात्र रोज चूल पेटत होती, काका थांबू शकत होते, आणि त्यांना त्याची जाणीव होती.

फुफी एका दुपारी न सांगता ऑटोनं आली. दारात उभी राहून तिनं खाट बघितली, चटया बघितल्या, तट्टे बघितले. आवाज न चढवता म्हणाली, "मेरा कमरा छोड़ के तू इस में रहने आई?"

मी तिला खाटेवर बसवलं. तिनं तट्ट्याच्या फटीतून कापसाचा एक पुंजका ओढून घेतला आणि बोलता बोलता अंगठ्यानं सरकी वेगळी करायला लागली. फुफा पिंजारी होते; गावोगाव फिरून गाद्या भरायचे. ती कितीतरी वेळ तेच करत बसली. मग बाहेर मावशीकडे बघून म्हणाली की घरात एवढा कपास असून पोरं खाटेवर नुसती चटई घालून झोपतात, हे काय? तिच्या हिंदीतलं मावशीला किती कळलं कोण जाणे, पण काकांनी ओट्यावरून ऐकलं होतं. ते आत आले, एक पोतं काढलं आणि स्वतःच्या हातानं दाबून दाबून भरलं. नवरा कारखान्यात होता. मी नको नको म्हणत होते.

"न्या," काका म्हणाले. "याचा भाव कोनाले इचारा लागत नाही."

नवऱ्यानं तो कापूस जिनिंगमधून सरकी काढून आणला. पिंजायला फुफीनं आपल्या दिराच्या मुलाला दिलं, खोळ स्वतः शिवली. गादी भरून झाल्यावर टाके घालायला ती पुन्हा लोहाऱ्याला आली. अंगणात गादी पसरून एका बाजूनं फुफी आणि दुसऱ्या बाजूनं मावशी, दोघी दाभण घेऊन बसल्या. एकीची हिंदी, दुसरीची वऱ्हाडी. दोघींनाही गुडघेदुखी होती, तेवढा विषय पुरला. संध्याकाळी मावशी फुफीला ऑटोपर्यंत सोडायला गेली, आणि त्या दोघी तिथंही बराच वेळ उभ्या होत्या. त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही फुफीकडे जेवायला जायचो. गोश्त तिच्याकडे, बाकीचा संसार लोहाऱ्याला, अशी आमची वाटणी झाली.

कापूस गेला तो ऊन तापायला लागल्यावर. भाव काकांच्या मनासारखा आला नाही, पण हिवाळ्यापेक्षा बरा होता. शेवटची गाडी भरून गेली तेव्हा ते "गेला एकदाचा" म्हणाले आणि पाय धुवून पोथी घेऊन बसले. मी खोली झाडली. तट्टे काढले, खिडकी उघडली. तूर कधीच कापून झाली होती, मोकळं वावर दिसत होतं. नवरा कामावरून आला आणि दारातच थांबला. खोली फार मोठी वाटत होती. त्यानं मला हाक मारली तर आवाज भिंतींवरून परत आला. मग रविवारी दोघांनी मिळून भिंतींना चुना दिला.

पुढच्या वर्षी काकांनी अर्ध्या वावरात सोयाबीन पेरलं आणि कापसासाठी गोठ्याच्या बाजूला टिनाची पडवी काढली. आम्ही मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत तिथंच राहिलो. पुढं स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा शहरातले दोन प्लॉट नवऱ्यानं बघून ठेवले होते. पण आम्ही लोहाऱ्यातच घेतला, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. प्लॉट बघायला आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा, फुफी आणि मावशी. दार कोणत्या बाजूला काढायचं यावर त्या दोघींचं एकमत झालं, आणि आम्ही तसंच काढलं.