ओलं फडकं

बबनभाऊ प्रत्येक लाकडी पेटीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "जा बाई, नीट नांद." चाकणच्या आमच्या छोट्या कारखान्यात माल रवाना करायचं काम त्यांचं, कागद रंगवायचं माझं. जमीन कारखान्यांत गेलेला तिथलाच माणूस. बाहेर चाललेल्या पेट्यांना लेकी समजायचा.

पहिली परदेशी ऑर्डर ऐन खंडेनवमीला भरून झाली. ती वेळेत पोचली तर दुसरी शिफ्ट टिकणार होती, म्हणजे बारा बायकांचं काम. यंत्रांची पूजा झाली, हात कुंकवाने माखलेले होते आणि मला कलेची हुक्की आली. चित्रकलेत मी कायम काठावर पास. तरी प्रत्येक पेटीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. नेमकं, लाकूड तापवून कीड मारल्याच्या शिक्क्यावर.

बंदरात तपासणीला कंटेनर उघडला. शिक्का वाचता येत नाही म्हणून माल अडवला. बबनभाऊ ओलं फडकं घेऊन एसटीने निघाले, मागे तोंड लपवत मी. बंदरातली आमची कामं बघणाऱ्या एजंटाबरोबर आत शिरून त्यांनी एकेक पेटी पुसली. शिक्के लख्ख दिसले.

"बघा सायेब," भाऊ तपासणी अधिकाऱ्याला म्हणाले.

"दिसतंय हो. पण शेरा फाइलवर गेलाय. तो मोठे साहेब काढणार, ते दौऱ्यावर आहेत."

"मंग दुसरं कोन हाय?"

"अर्ज द्या."

अर्ज दिला, तर नमुना चुकीचा निघाला. मग मूळ प्रत हवी झाली, मग सुट्टी आली. पेट्या काही पुन्हा कोणी बघितल्या नाहीत. आठव्या दिवशी सही झाली. तिला अर्धं मिनिट लागलं. जहाज केव्हाच गेलं होतं आणि गिऱ्हाइकाने माल दुसऱ्या देशातून उचलला होता.

दुसरी शिफ्ट बंद झाली. बारा जणी रिकामे डबे घेऊन गेटबाहेर पडल्या, तेव्हा मी खिडकीआड उभा होतो.

"भाऊ, माझ्या बोटाने घात केला."

"गप राव. तुजी चूक ओल्या फडक्यानं निघाली. त्यांच्या आठ दिसांना फडकं कुठनं आनू?"

भाऊ गेल्या वर्षी वारले. ते लालसर फडकं माझ्या खणात आहे. बायको म्हणते, "चित्रकार, ते तरी धुवा."

परवा पुन्हा माल अडला. बंदरातून फोन आला, "साहेब दौऱ्यावर आहेत."

"मग दुसरं कोण आहे?" मी विचारलं आणि नाव मिळेपर्यंत फोन ठेवला नाही.