जाड तारेचा आवाज

माझी आत्या बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. लांबलचक टेबलाशी बारा बायका ओळीने बसायच्या, पण आत्यासारखा स्वच्छ टाका एकीचाही पडायचा नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, समारंभांत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. चार जाडजूड तारांची, विटकरी रंगाची गिटार. वाजवायचे ते, पण तिची सगळी उस्तवार आत्याकडे. तारा बदलायच्या, पट्टीच्या लाकडाला तेलाचा हात फिरवायचा, हवा बदलली की गिटारची मान सरळ ठेवणारी आतली सळई पाव आटा पिळायची.

"माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त," आतोबा म्हणायचे.

"ती उलट बोलत नाही," आत्या म्हणायची.

गेल्या वर्षी एका सकाळी आतोबा गिटार घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "अगं, सगळ्यात जाड तार मेलीय बघ. पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी वाजतेय."

आत्याने तार बदलली. फरक पडला नाही. मागचं झाकण काढून आवाजाच्या बटणात सफाईचा फवारा मारला, बटण पन्नासदा फिरवलं. बटणाची करकर थांबली, पण जाड तार काही बोलेना. मग तारांची थरथर पकडणारं पिकअपच जुनं झालं असेल म्हणून तिने नवं मागवलं, आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली, सगळ्या वायरी नव्याने जोडल्या. आतोबांनी वाजवून पाहिलं. "बारीक तारा मस्त बोलतायत. ही मात्र तश्शीच मुकी."

आत्या इरेला पेटली. तिने आत आवाज वाढवणारं एक छोटं प्रीअँप बसवलं, खर्ज वेगळा वाढवता येईल असं. त्या रविवारी दुपारी मी तिथेच होते. स्वयंपाकघरात अँप लावला आणि आतोबांनी जाड तार छेडली. मांडणीतल्या बशा किणकिणायला लागल्या. माझ्या छातीत कुणीतरी आतून ढकलल्यासारखं झालं.

"वाढव," आतोबा म्हणाले.

आत्याने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं.

"अगं, वाढव ना!"

"वाढवलंय," आत्या म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. अँप बंद करत म्हणाली, "हे प्रीअँपच फालतू निघालं. दुसरं मागवते."

तिला तेव्हाच कळलं होतं. मलाही. पण पुढचा दीड महिना ती गिटार उघडत होती आणि बंद करत होती. दुसरं प्रीअँप आलं, नवा सॉकेट आला. चांगले टाके उकलून तेच परत घालायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, सांग ना त्यांना." ती चिडली. "काय सांगू? तूच सांग, कुठल्या शब्दांत सांगू?"

शेवटी बँडमधला ड्रमवाला घरी आला. बिचारा चहाला हातही न लावता बोलला, "दादा, तुमचा बेस एवढा मोठा असतो की गाणाऱ्याला स्वतःचा सूर सापडत नाही. तीन कार्यक्रम झाले. कान एकदा दाखवून घ्या."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खालचे सूर दोन्ही कानांतून जवळजवळ गेले आहेत. मधूनमधून गरगरतं का, असं विचारल्यावर आतोबा खाली बघत "हो" म्हणाले. ते त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. गोळ्यांनी गरगरणं कमी होईल, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन आतोबा खुर्चीत बसले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग दीड महिना काय करत होतीस?"

"मला सोल्डरिंगच येतं हो," आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आतोबा तिच्याकडे बघत राहिले. उठून जवळ गेले नाहीत, रागावलेही नाहीत.

बँडने दुसरा बेसवाला घेतला. आतोबा अजून घरी वाजवतात. आत्या समोर भाजी निवडत बसते. जाड तार छेडून ते विचारतात, "कसा येतोय?"

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे? गोल येतोय, की फुटतोय? शेवटी विरतो कसा?"

आत्या हातातली भाजी खाली ठेवते, डोळे मिटून पुन्हा ऐकते, मनापासून ऐकते. पण त्याचं वर्णन तिला करता येत नाही.

"येतोय हो," ती म्हणते. "खूप येतोय."