लाईट आली, प्रोग्रॅम उठला नाही

टँकरवाल्यानं दूध नाकारलं तेव्हा मी धाराशिवच्या आमच्या दुकानात एका प्रिंटरचं पोट उघडून बसलो होतो. फोन सुमनताईंचा होता. माकणी धरणाजवळच्या एका गावातल्या दूध केंद्रावर त्या ऑपरेटर आहेत.

"राऊतसर, टाकीतलं समदं दूध नासलं. मला मेसेजच आला न्हाय हो."

मी काही बोलायच्या आत फोन दूध संस्थेच्या चेअरमननी घेतला. "सकाळच्या पहिल्या गाडीनं या. मशीन बी बघा आन् बाईचं काय करायचं ते बी ठरवू."

मला इथं सगळे सर म्हणतात. अजून सवय झालेली नाही. नववीत शाळा सोडली आणि गोंदियाकडच्या माझ्या गावातून इतक्या लांब आलो, तेव्हा दुकानाच्या मालकांनी, प्रशांतसरांनी, शिक्षण विचारलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर हातात देऊन "हे उघडून दाखव" म्हणाले होते. उघडलं, म्हणून राहिलो. बाकीचं सगळं त्यांनीच शिकवलं. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता संपलं. बॅग भरा आणि गोंदियाची गाडी बघा.

आधी मशीन काय होतं ते सांगतो. केंद्रावर बल्क कूलर असतो, म्हणजे स्टीलची मोठी टाकी. ती सकाळ-संध्याकाळ गोळा केलेलं दूध चार डिग्रीवर थंड ठेवते आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला टँकर येऊन ते घेऊन जातो. गार करायचं काम कॉम्प्रेसर करतो. लाईट गेली, आली, व्होल्टेज वरखाली झालं की कॉम्प्रेसर कधी कधी ट्रिप होतो. मग लाल बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. आम्ही टाकीला एक सेन्सर लावला होता, शेजारी एक छोटा कॉम्प्युटर आणि त्याला मेसेज पाठवणारा सिमकार्डाचा डोंगल. दूध सहा डिग्रीच्या वर गेलं की सुमनताईंच्या आणि चेअरमनच्या मोबाईलवर मेसेज. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं होतं. ही विंडोजसारखीच एक सिस्टिम, पण फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही नीट चालते.

हे बसवायच्या आधी सुमनताई बारा वर्षं दिवसभर टाकीशेजारच्या बाकावर बसून असायच्या. मशीन आल्यावर चेअरमनच म्हणाले होते, "आता सकाळचं संकलन झालं की घरी जात जा. मेसेज येतुय की." त्या दिवशी त्या तशाच घरी गेल्या. अकराच्या सुमाराला लाईट गेली, थोड्या वेळानं आली. कॉम्प्रेसर ट्रिप झाला. मेसेज गेला नाही. उन्हाळ्याचे दिवस. चार वाजता टँकरवाल्यानं टेस्ट ट्यूबमध्ये दूध उकळून बघितलं, ते फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर पोचलो तेव्हा सुमनताई कॅन धूत होत्या. मान वर केली नाही. चेअरमन दारातच उभे.

"लाईट आल्यावर येऊन बगायला नको का बाईनं?"

"मेसेज येतुय म्हनून तर गेले मी घरी," ताई कॅनकडं बघूनच म्हणाल्या.

मी कॉम्प्युटरला मॉनिटर जोडला. स्क्रीनवर पासवर्डची चौकट होती, आणि तिच्यात कर्सर लुकलुकत होता. आदल्या दिवशीच्या अकरापासून तो तसाच लुकलुकत असणार.

माझ्या लगेच लक्षात आलं. लाईट आली की कॉम्प्युटर आपणहून चालू होईल, ही सेटिंग मी केली होती. प्रोग्रॅम आपणहून चालू व्हावा म्हणून तो स्टार्टअपच्या यादीत टाकला होता. पण ती यादी लॉगिननंतरची. कुणीतरी पासवर्ड टाकला की मगच तिच्यातले प्रोग्रॅम चालू होतात. दुकानात माझ्या टेबलावर मी दर वेळी आधी पासवर्ड टाकायचो, म्हणून तिथं तो दर वेळी चालायचा. केंद्रावर पासवर्ड टाकणारं कोण होतं?

बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

"सर, चूक माझी आहे जी."

"बरं. कशी?"

सांगितलं.

"मग आधी दुरुस्त कर, नंतर त्यांना सांग," ते म्हणाले. मग थांबले. "नको. आधी सांग. दुरुस्तीला वेळ लागेल, तोवर त्या बाई बोलणी खातील."

आत गेलो. म्हटलं, "चेअरमनसाहेब, ताईंची काही चूक नाही जी. मशीन पासवर्डवर अडकलं होतं. प्रोग्रॅम मी चुकीच्या जागी टाकला होता."

सुमनताईंनी पहिल्यांदा वर बघितलं. चेअरमन टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

"कबूल केलं, चांगलं केलं. पर सांजच्याला संचालक येनारैत, त्यास्नी काय सांगू? ते म्हनत्यात, मशीन काढा आन् दिवसभर हितं बसनारा गडी ठेवा. बाई बारा वर्सं बसल्या, पर आता त्यांना घरचं बी बगावं लागतंय, परत दिवसभर जमायचं न्हाय. सांजच्या संकलनापतुर मशीन आपलं आपण उठून दाखवलं तर बाई ऱ्हातील. न्हाय उठलं तर मला बी काय बोलता यायचं न्हाय."

म्हणजे माझ्या हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता, आणि त्यावर सुमनताईंचं काम होतं.

लिनक्समध्ये यासाठी सर्व्हिस नावाची सोय असते. सर्व्हिस म्हणजे कुणी लॉगिन करो न करो, मशीन उठलं की पडद्यामागं आपणहून चालू होणारा प्रोग्रॅम. त्यासाठी एक छोटी फाइल लिहायची. कुठला प्रोग्रॅम, कुणाच्या नावानं चालवायचा, बंद पडला तर काय करायचं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं, बंद पडला तर परत चालू कर. मग सिस्टिमला दोन हुकूम द्यायचे. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे यापुढं दर वेळी कर. सर फोनवर तीनदा म्हणाले, "एनेबल विसरू नको." विसरलो नाही. प्रोग्रॅम उठला की एक मेसेज जाईल, अशी ओळही प्रोग्रॅममध्ये वाढवली. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. मिनिटभरात ताईंचा मोबाईल वाजला: मशीन चालू, तापमान चार.

"आला की!" ताई हसल्या.

"थांबा," चेअरमन म्हणाले. "हे तुम्ही बटनानं केलं. आमची लाईट काय तुम्हाला इचारून जाती व्हय? मेन पाडा."

त्यांनी स्वतःच भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. केंद्र गप्प झालं. थोड्या वेळानं वर केला. कॉम्प्युटर उठला. आम्ही तिघं ताईंच्या मोबाईलकडं बघत बसलो. पाच मिनिटं झाली. काही नाही. परत मेन पाडला, परत काही नाही. चेअरमन उठून बाहेर गेले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सिस्टिम सगळ्याची नोंद ठेवते. ती वाचली. प्रोग्रॅम उठला होता, पण उठल्या उठल्या डोंगल शोधायला गेला, मिळाला नाही म्हणून पडला. सिस्टिमनं परत उठवला, परत पडला. असं पाच वेळा. मग सिस्टिमनं लिहिलं होतं, फार वेळा पडतोय, आता उठवणार नाही. बटणानं रीस्टार्ट करताना डोंगलची वीज जात नाही, तो तयारच असतो. मेन पाडला की तोही झोपतो, आणि उठून रेंज पकडायला त्याला वेळ लागतो. किती वेळ? मोजलं. एकदा अर्धं मिनिट, एकदा सव्वा मिनिट. धरणाच्या कडेचं गाव, रेंजचा भरवसा नाही. प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबायला सांगावं तर किती सांगावं?

तेवढ्यात संध्याकाळचं संकलन सुरू झालं. शिवाप्पा नावाचे म्हातारे शेतकरी कॅन घेऊन रांगेत पहिले. मी मशीन बसवायला आलो होतो तेव्हा त्यांनीच मला घरी नेऊन जेवू घातलं होतं.

"काय राऊतसर, सासरी आल्यावानी तोंड का पाडलंय?"

"अप्पा, लाईट आल्यावर प्रोग्रॅम पाच वेळा उठतो आणि पडतो. मग सोडूनच देतो."

"पाच येळा? किती येळात?"

हे मी बघितलंच नव्हतं. नोंद परत काढली. "दोन सेकंदात."

शिवाप्पा एवढे हसले की कॅनचं झाकण वाजलं. "अवो, दोन सेकंदात पाच येळा पान्याची मोटार लावली तर जळून कोळसा हुईल! लाईट आली म्हंजी लगीच समदं येतंय का? एक फेज आधी येतंय, दुसरं मागनं. आमच्या मोटारीला आपनहून चालू करनारा ऑटो आसतुय, त्याला टायमर आसतंय. लाईट आली की दोन मिनिटं दम. मग लावायची. न्हाय उठली, परत दम, परत लावायची."

"किती वेळा?"

"उठस्तवर. पानी पायजे का नको?"

रांगेतले लोक हसले. मी मात्र कॉम्प्युटरकडं पळालो. धरणाच्या कडेच्या प्रत्येक मोटारीला असलेली गोष्ट माझ्या फाइलमध्ये नव्हती. मी लिहिलं होतं, पडला तर परत उठव. किती दमानं उठव, ते लिहिलंच नव्हतं. सांगितलं नाही तर सिस्टिम डोळ्याचं पातं लवायच्या आत परत उठवते. आणि थोड्या सेकंदांत पाचदा पडला की हात वर करते. एक ओळ घातली: दर वेळी वीस सेकंद थांब. वीस सेकंदांच्या अंतरानं उठवलं की तो "फार वेळा" मध्ये धरलाच जात नाही. डोंगलला रेंज येवो अर्ध्या मिनिटात, नाहीतर दहा मिनिटांनी. प्रोग्रॅम प्रयत्न करत राहणार.

संचालक आले होते. तिघं खुर्च्यांवर, चेअरमन उभे. या वेळी मेन सुमनताईंनी पाडला. पदर खोचला, स्विच खाली, मनात काहीतरी म्हणाल्या, स्विच वर.

एक मिनिट गेलं.

"च्या तरी सांगा तवर," एक संचालक म्हणाले. दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं. मी नोंदीच्या ओळी बघत होतो. उठला, पडला. वीस सेकंद. उठला, पडला. वीस सेकंद. उठला, पडला. वीस सेकंद. उठला, आणि राहिला.

ताईंचा मोबाईल वाजला. पाठोपाठ चेअरमनचा.

"परत," घड्याळवाले म्हणाले. परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. तिन्ही वेळा मेसेज आला. तिसरा मेसेज आला तरी चहा काही आला नव्हता.

"मग गड्याचं कॅन्सल," चेअरमन संचालकांना म्हणाले, "बाई हायती त्या हायती. बरोबर ना?" तिघांनीही मान डोलावली. सुमनताई पुढच्या कॅनमधून फॅट तपासणीसाठी दूध काढायला लागल्या होत्या. पहिला नमुना सांडला, म्हणून दुसऱ्यांदा घेतला. मला जाताना म्हणाल्या, "तुम्ही आधीच सांगितलं, म्हनून तोंड दाखवाया जागा ऱ्हायली. तुमच्या आईला सांगा, पोरगं नीट हाय."

धाराशिवच्या गाडीत बसल्यावर आईला फोन केला. प्रोग्रॅमचं तिला काय सांगणार? नीट आहे एवढंच सांगितलं.

त्यानंतर वळवाच्या वाऱ्यानं तिकडची लाईट कितीतरी वेळा गेली. एकदा कॉम्प्रेसर ट्रिप झाला, मेसेज गेला, ताईंनी घरून येऊन लाल बटण दाबलं आणि दूध टँकरमध्ये गेलं. सरांनी मला कामावरून काढलं नाही. उलट लिनक्सची पुढची दोन कामं माझ्याकडंच दिली.

मी यातून शिकलो ते एवढंच. टेबलावर चाललेल्या प्रोग्रॅमचा काही भरवसा नाही, कारण टेबलापाशी आपण असतो. जिथं आपण नसतो, तिथं तो चालला पाहिजे. म्हणून आता दुकानातून कुठलंही मशीन बाहेर जायच्या आधी मी त्याचा प्लग चालू असतानाच उपटतो, सलग दहा वेळा. सरांची त्याला हरकत नाही. फक्त सॉकेट ढिलं झालं की ते मलाच बदलायला लावतात.