टॅनर साहेब आमचेच निघाले

आमचं आडनाव इस्लापूरकर, आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी इस्लापूर पाहिलेलं नाही. लातुरात खोली शोधताना आमच्या बानं ते एसटीच्या पाटीवरून उचललं. (खरं आडनाव सांगितलं की खोली 'कालच दिली' असायची. असल्या कालच दिलेल्या खोल्या आम्ही अख्ख्या लातुरात पाहिल्या!)

इस्लापूरकर झाल्याबरोबर अप्पांच्या घरात खोली मिळाली. पुढं माझा इंग्रजीचा क्लास, मागं आमची चूल. त्या काळी लातुरात खडा भिरकावला तर तो एका क्लासवाल्याला लागून उडायचा आणि दुसऱ्याला लागायचा!

अशात भूकंप झाला. पडलेली गावं बांधायला विलायतेहून टॅनर नावाचा साहेब आला आणि मी त्याचा दुभाषा झालो. गोरा माणूस क्लासच्या दारात नुसता उभा केला तरी पोरं मुंग्यांसारखी येतील, म्हणून मी त्याला घरी चहाला आणला. घरमालक अप्पा वास लागल्यासारखे हजर!

"टॅनर म्हंजे कोण, मास्तर?"

"अप्पा, तिकडं लई गंमत असते. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. आयरिश लोकांत मॅक म्हणजे अमक्याचा लेक, ओ म्हणजे अमक्याचा नातू…"

"ते ऱ्हाऊ द्या. हे कोण?"

मी चहाकडं पाहिलं. चहानं काही मदत केली नाही. साहेबाला मात्र प्रश्न कळला. (हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो.) तो उठला, म्हशीसारखा हंबरला, हवेतच तिचं कातडं सोललं, चुन्यात बुडवलं, खसाखसा घासलं आणि छाती ठोकून म्हणाला, "ग्रँडफादर्स ग्रँडफादर!"

अप्पांनी साहेबाचा गोरा हात न्याहाळला. मग म्हणाले, "वा! काय मेहनती खानदान!"

झालं! जन्मभर खाली घातलेली मान वर करून चुलीपाशी बसलेला बा उठला.

"आरं, मंग हे तर आमचेच निघाले की!" म्हणत त्यानं साहेबाला कडकडून मिठी मारली. "पावणं, आमचा आजाबी कातडंच कमवायचा! इस्लापूर-फिस्लापूर समदं झूट हाय, अप्पा!"

मी मागून बाचा सदरा ओढत होतो. सदरा फाटला, बा थांबला नाही! साहेबाला वाटलं, मराठवाड्यात चहाबरोबर अशीच रीत असते.

अप्पांनी कप खाली ठेवला. "मास्तर, माझा भाचा यायचाय. खोली लागंल."

"कधी, अप्पा?"

"आलाच समजा."

भाचा काही आला नाही. खोलीत राहायला आला टॅनर साहेब! अप्पांनीच आग्रहानं ठेवून घेतला, तेही बिनकिरायाचा. माझ्या क्लासची पोरं समोरच्या क्लासात गेली आणि आमचं बिऱ्हाड हातगाडीवर चढलं. वर फाटक्या सदऱ्यात बा. "खोली गेली तर गेली," तो म्हणाला, "पण मिठी लई झ्याक बसली रं!"

साहेब गोंधळून विचारायला लागला, हे का चालले? अप्पा मला म्हणाले, "त्यांना सांगा मास्तर, हे आपल्या राजीखुशीनं चालले. आमच्या लातुरात कोण कुठला, हे कुणी विचारीत न्हाई."

दुभाष्याचं काम ते दुभाष्याचं काम. मी शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं भारावून अप्पांचा हात हातात घेतला आणि मला म्हणाला, तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे.

आणि मी, हातगाडीची मूठ धरून, चक्क 'थँक्यू' म्हणालो!