पानाची मागची बाजू

लोकांच्या झाडांचं एकेक पान उलटून बघणारा माझा दादा, छातीत दुखत असताना एकदाही डॉक्टरकडे का गेला नाही? हे मी वहिनीला विचारलं, डॉक्टरला विचारलं, भेटायला आलेल्या पावण्यांना विचारलं. सगळे त्याचे किस्से तेवढे सांगून जातात. घरात आता किस्सेच साठलेत. माझ्याकडचे हे.

परदेशातून मागवलेली झाडं काही महिने नर्सरीत जाळीच्या शेडमध्ये वेगळी ठेवतात. त्यांच्याबरोबर कीड आली नाही ना, हे सरकारतर्फे दादा तपासायचा. तो पास करेपर्यंत एक रोपही बाहेर काढायचं नाही. मी सातवीत शाळा सोडलेली. त्याची मोटरसायकल मी चालवायचो.

*

नेसरीकडचा नर्सरीवाला शिवाण्णा पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, इमानात बसून आलाय माल. फॉरेनच्या झाडाला कसली कीड?"

दादानं रोपाखाली कोरा कागद धरला आणि फांदीला टिचकी मारली. कागदावर एक ठिपका पडला आणि चालायला लागला.

"ह्यो बी इमानात बसूनच आलाय की."

*

एकदा मी शेडमधलं एक फूल आईसाठी खिशात घातलं. अर्ध्या वाटेत दादाला ते दिसलं. त्यानं गाडी मागं फिरवायला लावली, फूल शिवाण्णाच्या नर्सरीतल्या कचऱ्याच्या खड्ड्यात जाळलं आणि माझा चड्डी-शर्टसुद्धा झटकायला लावला. कामगार हसत होते. घर येईपर्यंत मी गाडी मुद्दाम दणके देत चालवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईसाठी बाजारातून गजरा आणला. माझ्या हातात देऊन म्हणाला, "तूच दे."

*

मंगळवार पेठेत मुलगी बघायला गेलतो. पोहे आले, मुलगी आली. दादा मात्र खिडकीतल्या जास्वंदीची पानं उलटत बसलेला. मुलीच्या वडिलांना म्हणाला, "ही कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा."

मुलगी म्हणाली, "झाड बघून झालं असलं तर माझ्याकडं बी बघा की."

तीच आमची वहिनी.

*

शिवाण्णाचा एक अख्खा लॉट दादानं जाळायला लावला, तेव्हा शिवाण्णा रडकुंडीला आलेला. "साहेब, एकच किडा घावलाय."

"एक घावला. बाकीचं कुठं हाईत?"

शिवाण्णानं शिव्या दिल्या. मी बाह्या सारल्या. दादानं मला गप्प बसवलं आणि शेवटचं रोप जळेपर्यंत शिवाण्णाशेजारी बसून राहिला.

*

आमच्याकडे आता रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा काढून त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. दादा गेल्यावर तिसऱ्या दिवशी शिवाण्णा स्वतः अ‍ॅव्होकॅडोचं रोप घेऊन आला. शेडमधलं, सगळ्यात देखणं. त्या लॉटची शेवटची तपासणी दादाच्या हातून राहिली होती.

वहिनीनं रक्षा खड्ड्यात ठेवली. काका म्हणाले, "आण रं ते रोप."

मी दादाच्या पिशवीतून कोरा कागद काढला, रोपाखाली धरला आणि टिचकी मारली.

काका ओरडले, "ही काय येळ हाय?"

कागद मी शिवाण्णापुढे धरला. त्यानं वाकून बराच वेळ बघितलं. मग खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातात दिली.

रोप मी बांधापलीकडे नेऊन जाळलं. हात धुतले, चपलांचे तळ धुतले. आमच्याच घरामागच्या परड्यातलं आंब्याचं रोप आणलं. लावायच्या आधी त्याचंही एकेक पान उलटून बघितलं.