दलपतच्या खालची चादर

समजा, तुमच्यासमोर एक लोखंडी खाट आहे. खाटेवर बेशुद्ध माणूस, वजन चांगलं दोन मण. त्याच्या खालची चादर घाण झाली आहे. ती काढून धुतलेली घालायची, पण माणसाला खाटेवरून उचलायचं नाही आणि मदतीला कोणी बोलवायचं नाही. करा बरं. बहुतेक लोक आधी माणसाला ओढतात, मग चादरीला ओढतात, शेवटी देवाला मध्ये ओढतात. देव येतो. चादर निघत नाही.

सुसानाला हे काम येत असे. लग्नाआधी ती गुजरातेतल्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली होती आणि तिथेच पाच वर्षं नोकरीही केली होती. मग नवापूरकडच्या डोंगरातल्या बुध्याशी लग्न झालं आणि ती त्याच्या गावी आली. पुढची अकरा वर्षं चार मुलं, भाताची लावणी, लाकडाच्या वखारीतली मजुरी आणि सासू मंगळीबाई यांत गेली. मंगळीबाईची डावी बाजू लुळी पडली, जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत राहिली. तीन वर्षं ती अंथरुणात होती. सुसाना दिवसातून सहा वेळा तिची कूस बदलायची आणि सहाही वेळा माहेराचा उद्धार ऐकून घ्यायची. म्हातारी गेली तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातलं. पाठीवर एक फोड नव्हता.

मग १९३७ साली कळलं, की रेल्वेच्या रुळांपलीकडच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात नर्स हवी आहे. हवी होतीच. व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका घुंघट सोडून डॉक्टरांसमोर येत नसत. दुखणं नवऱ्याला सांगायच्या, नवरा कंपाउंडरला सांगायचा, कंपाउंडर डॉक्टरांना. पेढीवाल्या अमृतलालच्या जतनबाईंची पोटदुखी या वाटेने येता येता खोकला झाली होती, आणि बाईंनी आठ दिवस इमानाने खोकल्याचं औषध घेतलं होतं.

ही वाट बंद झाली असती तर कंपाउंडर दलपतचा रुबाब गेला असता. त्यामुळे त्याला नर्स नको होती.

डॉक्टरांनी सुसानाचं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं. "हे ठीक आहे. पण अकरा वर्षं काय करत होतीस?"

"घरी होते, साहेब."

"म्हणजे काहीच नाही."

"सासू अंथरुणाला होती. तीन वर्षं."

"ती घरची सेवा. अनुभवात धरता येत नाही."

"तिच्या पाठीला जखम झाली नाही, साहेब. एक पण नाही."

कोपऱ्यात दलपत बाटल्यांना बुचं लावत होता. त्याचा हात थांबला. मग तो म्हणाला, "साहेब, अकरा वरीस चूल फुकी तिनी. हात लाकूड व्हई गया व्हई. परीक्षा ल्या."

डॉक्टरांना कल्पना आवडली. रोगी बेशुद्ध आहे असं धरून चादर बदलायची. जमलं तर नोकरी, नाही तर बाईने घरी जावं. बेशुद्ध रोगी कुठून आणायचा, हा प्रश्न होता. दलपतनेच तो सोडवला. तो खाटेवर जाऊन पसरला. भाकरी-भरीत जेवून नुकताच आला होता, दुपारचे दोन वाजले होते, आणि या वेळी तो रोज याच खाटेवर लवंडत असे.

"दलपतभाऊ, जरा सरका तरी," सुसाना हळूच म्हणाली.

"मी आते मडं शे," तो डोळे मिटून म्हणाला. "मडाले सरकता येत नही."

तिने पदर खोचला. त्याचा पलीकडचा गुडघा दुमडला, खांदा धरला आणि त्याला आपल्याकडे कुशीवर घेतलं. उशी पोटाशी लावली, पलीकडे गेली. जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत आणली, नवी तिच्या कडेला लावली. दलपत घोरायला लागला. डॉक्टर हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. आता त्याला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं होतं, आणि तिथे गाडं अडलं. मंगळीबाई काटकुळी होती. दलपत भरलेलं पोतं होता. जुनी चादर त्याच्या कमरेखाली अडकली. सुसानाच्या कपाळावर घाम आला. एवढी एक चादर निघाली नाही, तर उद्यापासून पुन्हा वखार.

तिने आणखी एकदा ओढलं. त्याच वेळी कमर बोटभर हलकी झाली. चादर सुळकन निघाली.

घोरणं चालूच होतं. डॉक्टर वळले, तोवर नवी चादर चारी कोपऱ्यांत घट्ट बसली होती आणि रोगी तिच्यावर सुखाने झोपला होता.

"रोगी जागासुद्धा झाला नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून या तुम्ही."

पुढची दहा वर्षं सुसानाबाई आणि दलपत एकाच दवाखान्यात भांडले. सुया नीट उकळल्या नाहीत यावरून, चहावरून, जतनबाईंनी आता परस्पर बाईंनाच दुखणं सांगावं यावरून. बाईंनी शंभरेक बाळंतपणं केली आणि कित्येक रोग्यांच्या पाठी राखल्या. पण एक गोष्ट त्यांना सोडत नव्हती. झोपलेल्या माणसाची कमर आपोआप हलकी होत नाही. मग त्याने मुद्दाम अंग उचललं की काय? आणि उचललं असेल, तर परीक्षा कोणी दिली?

बुध्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पगार येतो ना? मग उकरतेस कशाला?"

त्यांनी दलपतला आडून विचारलं, उघड विचारलं, एकदा शपथ घालून विचारलं. दर वेळी तो म्हणे, "बाई, मडाले काय इचारतीस?"

दलपत रिटायर होऊन कळसाडीला मुलाकडे जायला निघाला, तेव्हा बाई स्टेशनवर गेल्या. गाडीला वेळ होता. तो बाकावर बसून विडी ओढत होता.

"मन्हा बाप दोन वरीस खाटलावर व्हता," तो आपणहून बोलला. "पाठ सडी गयी त्यानी. आमले कोनी शिकाडं नही कूस कशी बदलानी."

बाई त्याच्या शेजारी बसून म्हणाल्या, "दलपतभाऊ, तेवढं सांगून जा. त्या दिवशी तुम्ही जागे होतात की झोपले होतात?"